आवाहन: स्वादुपिंडाच्या कॅन्सरचं निदान झालेल्यांना सोबत हवी आहे

परळ-लालबागच्या सर्व रहिवाशांना आपल्या वाचनालयाच्या कार्यकारिणीचा नमस्कार.

टाटा रुग्णालय 1941 पासून आपल्या शेजारी आहे. बाहेरगावच्या रुग्णांना जेवण, चादरी, औषधं द्यायला आपला भाग कधीच मागे राहिला नाही. या वेळी आम्ही मागतोय ते थोडं वेगळं आहे. आम्हाला तुमच्या दुपारी हव्या आहेत, आणि काही पैसेही.

रिपोर्टची वाट बघणारे नातेवाईक पेपर वाचायला आणि फोन चार्ज करायला वाचनालयात येतात, हे तुम्ही पाहिलंच असेल. स्वादुपिंडाचा कॅन्सर निघालेली माणसं त्यांच्यात वेगळी ओळखू येतात, कारण हा धक्का त्यांना अक्षरशः रस्त्यात गाठतो. सुरुवात साध्या काविळीनं झालेली असते. गावाकडे माळ घालून, झाडपाल्याचा रस पिऊन कावीळ उतरवायचा प्रयत्न होतो. अंगाला खाज सुटते, वजन उतरतं, मग सोनोग्राफी, सीटी स्कॅन. हा आजार मुळात लवकर कळतच नाही. निदान होतं तेव्हा शंभरातल्या जेमतेम पंधरा-वीस जणांचं ऑपरेशन करण्याजोगं असतं. मग बायको स्वतःला दोष देत बसते, की झाडपाल्यात वेळ घालवला. आणि येणारा-जाणारा विचारतो, ‘दारू प्यायचे का?’ थेंबही न घेतलेल्या माणसाला हे किती लागतं!

एक मुलगा आम्हाला बाजूला घेऊन म्हणाला, ‘बाबांना फक्त गाठ आहे एवढंच सांगितलंय, तुम्ही काही बोलू नका.’ तो पाणी भरायला गेला तेव्हा बाबांनी पेपर खाली ठेवला आणि म्हणाले, ‘मला सगळं माहितेय. पोराला कळू देऊ नका, तो खचेल.’ दोघंही एकमेकांना जपत होते, आणि दोघंही एकटे पडले होते.

या आजारात उदासी फार घट्ट धरते, काहींना तर निदानाच्या आधीपासूनच. तिला मनाचा कमकुवतपणा म्हणू नये. झोप उडणं, कशातच जीव न रमणं हे डॉक्टरांना सांगायचं असतं आणि त्यावर उपचार असतात. जेवणावरून होणारी भांडणंही तशीच. ‘दोन घास तरी खा’ म्हणून बायको रडते, आणि त्यांना अन्न पचतच नसतं, कारण पाचकरस कमी पडतो. त्यासाठी जेवणाबरोबर घ्यायच्या कॅप्सूल मिळतात. डॉक्टरांना हे विचारायचं असतं, हेच अनेकांना ठाऊक नसतं. पॅलिएटिव्ह विभागाचं नाव काढलं की ‘आता संपलं’ असं वाटतं. खरं तर वेदना आणि मळमळ आवरायला तिथं पहिल्या दिवसापासून जाता येतं.

म्हणून वाचनालयाची मागची खोली मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी 2 ते 5 या माणसांसाठी उघडी ठेवायचं ठरलं आहे. प्रशिक्षित समुपदेशक येतील. त्यांच्या एका दुपारच्या मानधनाला 1500 रुपये लागतील. चहा, पंखा, दोन गाद्या आणि रिपोर्टच्या झेरॉक्स यांचा खर्च वेगळा. एका दुपारचा भार एका घरानं उचलला तरी वर्ष निघेल.

पैशांहून जास्त गरज आहे ती नुसतं ऐकून घेणाऱ्यांची. हिंदी, बंगाली किंवा भोजपुरी येत असेल तर फारच उत्तम. कार्यकर्त्यांना आमच्या अटी मात्र आहेत. ‘कशामुळे झाला’ हे विचारायचं नाही. गोमूत्र, गव्हांकुर, अमक्या गावचे वैद्य सुचवायचे नाहीत. ‘पॉझिटिव्ह राहा’ असं रडणाऱ्या माणसाला म्हणायचं नाही. हाच आजार झालेले गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांचा दाखला तर मुळीच नको. नाकात नळी घालून पुलाच्या पाहणीला गेलेल्या पर्रीकरांचा फोटो सगळ्यांच्या लक्षात आहे, आणि 2019 च्या मार्चमध्ये काय झालं तेही. रुग्णाला किती सांगायचं हे तो, त्याचं घर आणि डॉक्टर ठरवतील, आपण नाही.

रात्री-अपरात्री कुणाचा धीर सुटला तर सरकारची टेली-मानस सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, मराठीतही. हा क्रमांक खोलीच्या दारावर मोठ्या अक्षरांत लावायचा आहे. चांगलं अक्षर असलेल्यांनी पुढे यावं.

नावं ग्रंथपालांकडच्या वहीत नोंदवा. देणगी कार्यालयातच द्या आणि पावती घेतल्याशिवाय जाऊ नका. जुने कपडे आणि फळं कृपया आणू नका, ठेवायला जागा नाही.