अ‍ॅनिमेशनपटांचे परीक्षण सुटीच्या पुरवणीबाहेर यावे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

शाळांना सुटी लागली की ‘मुलांना काय दाखवाल’ अशा सदरांतून अ‍ॅनिमेशनपटांची नावे छापून येतात आणि ‘मोठ्यांनाही आवडेल’ एवढ्या शिफारशीवर त्यांचा विषय संपतो. इतर चित्रपटांच्या पटकथेची, संकलनाची, रंगयोजनेची जी चिकित्सा आपले समीक्षक आवर्जून करतात, ती चितारलेल्या चित्रपटांच्या वाट्याला फार क्वचित येते, याची खंत वाटून हे पत्र लिहीत आहे.

काही माणसांची कहाणी कॅमेऱ्यासमोर सांगताच येत नाही. डेन्मार्कमध्ये आश्रय घेतलेल्या एका अफगाण निर्वासितावरील ‘फ्ली’ (२०२१) या माहितीपटात त्याची ओळख गुप्त राखणे आवश्यक होते. रेखाटनाने त्याला चेहरा दिला. शिवाय आठवण असह्य होते तिथे रंग निघून जातात आणि कोळशाने ओढल्यासारख्या काळ्या रेषा तेवढ्या उरतात. ऑस्करच्या माहितीपट, अ‍ॅनिमेशनपट आणि आंतरराष्ट्रीय चित्रपट या तिन्ही विभागांत त्याला नामांकन मिळाले होते.

आपल्याकडेही ही परंपरा जुनी आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१५ मध्येच ‘आगकाड्यांची मौज’मध्ये काड्यांना पडद्यावर हालचाल दिली होती, तर १९५६ मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजनचा कार्टून विभाग सुरू झाला आणि राम मोहन यांच्यासारखे कलावंत तिथे घडले. अलीकडचे उदाहरण म्हणजे गीतांजली राव यांचा ‘बॉम्बे रोज’. व्हेनिस महोत्सवातील समीक्षक सप्ताहाचे उद्घाटन २०१९ मध्ये ज्या चित्रपटाने झाले, तो मुंबईच्या रस्त्यावर फुले विकणाऱ्या तरुणीची गोष्ट सांगतो, आणि त्याची चौकट न् चौकट हाताने रंगवलेली आहे. नायिका स्वप्नात रमली की पडद्यावर लघुचित्रशैली अवतरते. एक वृद्ध ख्रिस्ती बाई रस्त्याने चालू लागते तेव्हा तिच्या पावलांबरोबर आजच्या शहराचा रंग उतरत जातो आणि कृष्णधवल जुनी मुंबई उभी राहते. तिचे गतायुष्य असे एकाही संवादाविना कळते. हे दृश्य ज्या बारकाईने वाचायला हवे, तसे ते मराठीत वाचले गेलेले माझ्या पाहण्यात नाही.

सध्या अ‍ॅनिमेशनची चर्चा व्हिज्युअल इफेक्ट्स आणि गेमिंग यांच्या जोडीने, प्रामुख्याने रोजगार व गुंतवणूक या अंगाने होते. ती व्हायलाच हवी. पण या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या मुलामुलींना सॉफ्टवेअर चालवण्याच्या कौशल्याबरोबरच आपल्या कामाची कला म्हणून दखल घेणारा जाणकार वाचक-प्रेक्षकही मिळाला पाहिजे, आणि तो घडवण्याचे काम वृत्तपत्रे करू शकतात. म्हणून विनंती अशी, की अ‍ॅनिमेशनपटांची परीक्षणे आपल्या नियमित चित्रपट समीक्षकांनी, नियमित पानावर लिहावीत आणि त्यांत दिग्दर्शकाबरोबर मुख्य चित्रकारांचाही नामोल्लेख असावा. लघुपटांसाठी महिन्यातून एखादा स्तंभ राखून ठेवता आला, तर फारच उत्तम.

आपला नियमित वाचक,
पुणे