रोजगार मेळाव्याच्या पुढची जबाबदारी कोणाची?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

रोजगार मेळाव्याला किती उमेदवार आले, किती कंपन्यांनी मुलाखती घेतल्या आणि किती जणांची प्राथमिक निवड झाली, हे आकडे दुसऱ्या दिवशी छापून येतात. त्यांपैकी किती जण रुजू झाले आणि सहा महिन्यांनंतर किती जण कामावर टिकले, हे मात्र माझ्या वाचनात कधी आलेले नाही. मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत (आयटीआय) शिल्पनिदेशक, म्हणजे मुलांना हातातले काम शिकवणारा शिक्षक, होतो. नोकरी न मिळाल्याने घरी बसलेली मुले मी पाहिली, तशीच मिळालेली नोकरी सोडून गावी परतलेलीही पुष्कळ पाहिली.

आमच्या कोल्हापूर जिल्ह्यात यंत्रणांची वाण नाही. जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र आहे, नोकरीसाठी नाव नोंदवण्याचे महास्वयम पोर्टल आहे, तालुक्यांत आयटीआय आहेत, गावोगावी ‘उमेद’चे बचत गट आहेत. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले येथील फाउंड्री व इंजिनिअरिंग कारखानदार कुशल माणसे मिळत नसल्याची तक्रार करतात, बरेचसे काम बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून आलेल्या कामगारांवर चालते आणि त्याच वेळी चंदगड, आजऱ्याची मुले गोव्याची किंवा मुंबईची वाट धरतात. ‘आपल्या मुलांना कष्ट नकोत’ हे यावरचे सोपे उत्तर मला मान्य नाही. चंदगडहून शिरोली शंभर किलोमीटरपेक्षा दूर आहे. तीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेने मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार (अप्रेंटिस) घेणे बंधनकारक आहे आणि विद्यावेतनातील दरमहा 1500 रुपयांपर्यंतचा वाटा केंद्र सरकार उचलते. पण खोलीभाडे आणि खाणावळ भागवल्यावर त्या विद्यावेतनातून हाती काय उरते, याचा हिशेब उमेदवाराच्या घरीच होतो आणि तेथेच बहुधा निर्णयही होतो.

राजर्षी शाहू महाराजांच्या काळात, 1901 साली, कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह निघाले आणि पुढे इतर समाजांचीही वसतिगृहे उभी राहिली. महाराजांनी जागा आणि अनुदान दिले, ती चालवण्याचा भार त्या त्या समाजातील मंडळींनी वाहिला. शिकाऊ उमेदवारांसाठी औद्योगिक वसाहतींजवळ अशीच सोय उद्योजक संघटना, एमआयडीसी आणि जिल्हा प्रशासन यांना मिळून का करता येऊ नये?

भागीदारीचा प्रयोग आपल्याकडे झालेला नाही असे नाही. 2007-08 मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या योजनेत देशातील 1396 शासकीय आयटीआयना प्रत्येकी अडीच कोटी रुपयांपर्यंत बिनव्याजी कर्ज मिळण्याची तरतूद होती आणि संस्था व्यवस्थापन समितीचे अध्यक्षपद उद्योजकाकडे देण्यात आले. जेथे अध्यक्ष स्वतः कार्यशाळेत येऊन कोणत्या यंत्रावर हात बसला पाहिजे हे सांगत, तेथे मुलांना काम लवकर मिळे, असा माझा अनुभव आहे. अनेक ठिकाणी मात्र समितीची बैठक यंत्रखरेदी आणि इमारतदुरुस्तीपुरतीच राहिली. तरुणांना प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण देणाऱ्या राज्याच्या 2024 च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतही शिक्षणानुसार सहा, आठ आणि दहा हजार रुपये विद्यावेतन ठरले, सहा महिन्यांची मुदत अकरा महिन्यांपर्यंत वाढली. पण पुढे काय, हे आधी न ठरल्याने प्रशिक्षणार्थींना आंदोलनाच्या मार्गाने जावे लागले. तरुणांची उमेद अशी खर्ची पडताना पाहून फार वाईट वाटते.

जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली कौशल्य विकासाची जिल्हास्तरीय समिती असते. तिने आयटीआय, महाविद्यालये, उद्योजक संघटना आणि ग्रामपंचायती यांची मिळून उमेदवारांची एकच यादी करावी, प्रत्येक उमेदवारामागे एक जबाबदार कर्मचारी नेमावा आणि कामावर टिकलेल्यांची संख्या दर तिमाहीला जाहीर करावी. मुलाखती केवळ कोल्हापूर शहरात न ठेवता गडहिंग्लज, चंदगड आणि शाहूवाडी येथेही घ्याव्यात. मुलींच्या बाबतीत एसटीच्या विभाग नियंत्रकांनाही या बैठकांना बोलवावे लागेल, कारण दुसरी पाळी सुटल्यावर गावाकडे जाणारी बस नसेल, तर पालक मुलीला कारखान्यात पाठवायला तयार होत नाहीत.

आपला,
एक निवृत्त शिल्पनिदेशक, कोल्हापूर