सेवेसाठी नावनोंदणी: येत्या रविवारी

प्रिय बंधुभगिनींनो, प्रभूमध्ये सलाम.

येत्या रविवारी उपासनेनंतर, सकाळी 11 वाजता, चर्चच्या हॉलमध्ये सेवेसाठी नावनोंदणी आहे. बायबलमधील 1 पेत्र 4:10 घरून वाचून या; प्रत्येकाने आपल्याला मिळालेले दान एकमेकांच्या सेवेसाठी वापरावे, असे ते वचन सांगते. पंडिता रमाबाईंनी आपले भाषाज्ञान केडगावात सोप्या मराठी बायबलसाठी वेचले. पण दान तेवढे मोठेच हवे असे नाही. एखाद्या आजींचा पेन्शनचा फॉर्म भरून देणे हीसुद्धा सेवाच.

तातडीची गरज:
- पेटी व तबला (शनिवारी सराव)
- दहावीच्या मुलांना गणित
- अंथरुणाला खिळलेल्यांकडे जाऊन शास्त्रवाचन व प्रार्थना

जमेल तेवढाच वेळ लिहा, पण दिलेला शब्द पाळा. आजारी माणूस दाराकडे डोळे लावून बसलेला असतो. तरुण संघाने पुढे यावेच. रविवारी येणे शक्य नसल्यास शनिवारपर्यंत सेक्रेटरींकडे नाव द्यावे.