रान उठवणाऱ्यांचे शब्द

संपादक महोदय,

बिबट्याच्या बातम्यांत हल्ली ‘ट्रॅप’, ‘लोकेशन’, ‘शार्पशूटर’ असे शब्द सर्रास येतात. येवोत बापडे, पण मराठीत शिकारीच्या शब्दांची काय कमी आहे? हाका, हाकारे, मचाण, माग, सावज. ‘मचाण’ आणि ‘शिकारी’ तर इंग्रजांनीही उचलून आपल्या कोशात नेले. ‘रान उठवणे’ आपण विधानसभेतल्या गदारोळासाठी वापरतो. मुळात ते डबे बडवत सावज बंदुकीपुढे आणण्याचे काम. (जीव हाकाऱ्याचा धोक्यात, फोटो मात्र साहेबांचा!) ‘वाघूर’ म्हणजे शिकारीचे जाळे. त्याचा वाघाशी संबंध नाही, संस्कृत ‘वागुरा’ म्हणजे जाळे, त्यावरून तो शब्द आला.

कोल्हापूर संस्थानात पाळीव चित्ते काळविटांवर सोडत. रानात पोहोचेपर्यंत चित्त्याच्या डोळ्यांवर टोपी, शेजारी त्याला सांभाळणारा चित्तेवान. शाहू महाराजांनी फासेपारध्यांना या कामावर ठेवले होते. इंग्रजांच्या कायद्याने मात्र त्याच जमातीवर गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा 1952 साली गेला. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, ते योग्यच झाले. पण संस्थानिकाने वाघ मारला तर ‘शिकार’ आणि पारध्याने तितर धरला तर ‘चोरी’, हा भेद आपल्या भाषेत अजून शिल्लक आहे. चोरीच्या बातमीत संशयिताची जमात छापण्याचे तरी आपण थांबवावे, ही विनंती.

– एक वाचक, कोल्हापूर