पाटीवर ‘आणि सन्स’च का?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

नाशिकच्या जुन्या घराण्यांच्या धंद्यांवर आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख वाचला. भांडी बाजाराचा वारसा या घराण्यांनी सांभाळला, हे खरंच आहे. पण ‘पुढची पिढी यायला तयार नाही’ या वाक्यापाशी अडले. मी त्या पुढच्या पिढीतलीच. मला कुणी विचारलंच नव्हतं.

आमचं तांब्या-पितळेचं दुकान होतं. पुढे विक्री, मागच्या खोलीत ठोकाठोकी. वारसा हा शब्द घरात कधी ऐकला नाही. वडील धंदा करत होते, आणि गिऱ्हाईक पुन्हा यावं म्हणून खरं सांगत होते. कुणी पितळेचं पातेलं मागितलं की आधी विचारायचे, ‘यात आमटी-ताक करणार का?’ कल्हई नसली की आंबट कळकतं, हे तेव्हाच्या नव्या सुनांनाही माहीत नसायचं. हंड्याला टिचकी मारून नुसत्या नादावरून ते चीर ओळखत. भट्टीत तापून मऊ पडलेलं तांबं ठोके खाऊनच टणक होतं. ठोक्यात आळस केलेल्या घंगाळाला पहिल्या आपटण्यातच पोचा येतो. हे कुठल्या पुस्तकातून नाही, मागच्या खोलीत बसून कळलं. मलाही.

कल्हईच्या वेळी भाता आई ओढायची. नवसागराचा पांढरा धूर तिच्याच डोळ्यांत जायचा. कथील फिरवून लखलखीत झालेलं पातेलं पुढे नेऊन दाखवायचे वडील. उधारीची वही आठवीपासून माझ्याकडे. २००८ साली गोदावरीचं पाणी भांडी बाजारात शिरलं, तेव्हा सासरहून येऊन चिखलातली भांडी मी धुतली. कुठलं झाकण कुठल्या डब्याचं, हे माझ्याशिवाय कुणाला सांगता येईना. वडील एवढंच म्हणाले, ‘तुला बरं आठवतं गं.’

पुढे भाऊ नोकरीला पुण्यात गेला आणि दुकान भाड्याने दिलं. आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात. भावाचा दोष नाही. त्याला हा धंदा कधीच नको होता, तरी तीनदा विचारलं ते त्यालाच.

आमचंच घर असं होतं म्हणावं, तर येवल्यात काय वेगळं? पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण मागासाठी कांड्यांवर रेशीम भरणाऱ्या आई-आजीला विणकर कोण म्हणतं? आता बऱ्याच बायका स्वतः मागावर बसतात, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट.

सिंहस्थ तोंडावर आहे. गंगेचं, म्हणजे आमच्या गोदावरीचं, पाणी न्यायला यात्रेकरू तांब्याचे गडू घेतील. पूर्वी गडूच्या तोंडाला डाख, म्हणजे धातूची झाळ, देऊन ते बंद करून देत. त्या निमित्ताने आपले वार्ताहर पुन्हा भांडी बाजारात येतीलच. तेव्हा मालकाची मुलाखत झाल्यावर गल्ल्यामागे बिल लिहीत बसलेल्या मुलीला किंवा सुनेलाही दोन प्रश्न विचारावेत, एवढी विनंती. भांडी ठोकायची लाकडी मोगरी उचलता येते का, हाही त्यातला एक असू द्या. वडिलांची मोगरी माझ्याकडे आहे. भावाला ती नको होती.

आपली,
एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक