जिथे एकही मिशन नव्हतं : कॅलिफोर्नियाच्या शिक्षण अधीक्षकांना खुलं पत्र

प्रति,
मा. राज्य सार्वजनिक शिक्षण अधीक्षक,
कॅलिफोर्निया राज्य, सॅक्रामेंटो

महोदय,

सादर नमस्कार.

या पत्राची इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाकडे टपालाने पाठवली आहे. मराठीत ते वेगळं लिहून उघड्यावर मांडते आहे, कारण आपल्या राज्यात मराठी घरं पुष्कळ आहेत, आमची मुलं आपल्याच शाळांत शिकतात, आणि पालकसभेत गणिताच्या वरच्या वर्गाखेरीज दुसऱ्या कशासाठी आम्ही तोंड उघडल्याचं मला तरी आठवत नाही. मीही त्यातलीच एक होते. आज तोंड उघडते आहे ते कवीया या इथल्या मूळ आदिवासी समाजासाठी : त्यांचा इतिहास आणि भाषा आमच्या शाळांत यावी म्हणून.

मी मूळची माणदेशातली, सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातली. गेली अकरा वर्षं दक्षिण कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातल्या कोचेला खोऱ्यात राहते. मागच्या वर्षी लेक चौथीत होती. चौथीला कॅलिफोर्नियाचा इतिहास असतो, आणि शाळेतून चिठ्ठी आली : स्पॅनिश मिशनची, म्हणजे स्पॅनिश पाद्र्यांच्या जुन्या धर्मठाण्याची, प्रतिकृती करून आणा. बुटांचा खोका आणला, पांढरा रंग दिला, लाल कौलांच्या जागी पेने पास्ता चिकटवला, वर घंटा टांगली. असल्या प्रतिकृतींतून मुलं फारसं काही शिकत नाहीत, हे राज्याच्याच २०१६ च्या अभ्यासक्रम आराखड्यात म्हटलेलं आहे. ते मला नंतर कळलं. त्या रात्री मी फक्त पास्ता चिकटवत होते.

रंग वाळेपर्यंत लेकीने विचारलं, "आई, आपल्या इथलं मिशन कुठे आहे?"

नकाशा काढला. सॅन दिएगोपासून सोनोमापर्यंत एकवीस मिशनं, बहुतेक सगळी किनारपट्टीच्या माळेत. आमच्या खोऱ्यात शून्य. सॅन बर्नार्डिनोकडे, डोंगरांपलीकडे, मिशनचं एक छोटं ठाणं होतं तेवढंच. इथली काही माणसं तिथवर गेली, काहींचे बाप्तिस्मे झाले, पण या वाळूत कुणी मिशन बांधलं नाही. तरीही अमेरिकी सरकारने पुढे शंभर-सव्वाशे वर्षं इथल्या लोकांना कागदोपत्री 'मिशन इंडियन' म्हटलं. त्यांच्यातल्या कॅबझॉन गटाने अलीकडे ते शब्द काढून आपल्या नावात स्वतःच्या समाजाचं नाव घातलं. ज्यांच्या अंगणात मिशन कधी नव्हतं त्यांना मिशनचं नाव, आणि त्याच अंगणातल्या शाळेत माझ्या मुलीला मिशनचा खोका.

तोच हा कवीया समाज. स्पॅनिश वळणाने लिहिताना 'कहुइला' दिसतं, म्हणून आमच्यातले निम्मे लोक तसंच वाचतात. अकरा वर्षांतली पहिली नऊ मीही तसंच म्हणत होते.

सॅन हसिंटो आणि सांता रोझा डोंगर, सॅन गॉर्गोनियोची खिंड आणि खालचं वाळवंट ही त्यांची भूमी. डोंगरातले, खिंडीतले आणि वाळवंटातले अशा तीन वस्त्या मानतात. आज त्यांची नऊ रिझर्वेशन्स, म्हणजे समाजासाठी राखून ठेवलेल्या जमिनी, आहेत, त्यांतली काही इतर समाजांबरोबर सामाईक. हे सगळं मला कुणी शिकवलं नाही. खोक्याच्या रात्रीनंतर मी आणि लेक शनिवारी शनिवारी हिंडू लागलो आणि एकेक गोष्ट हाती येत गेली.

पहिली हाती आली ती विहीर. शेजारच्या इंडियन वेल्स गावाला दर मार्चमध्ये जगभरचे टेनिसपटू येतात. त्या नावातल्या विहिरी खऱ्या होत्या. वाळवंटातल्या कवीया लोकांनी हातांनी वाळू उपसून उतरत्या विहिरी खोदल्या होत्या : उताराने किंवा पायऱ्यांनी खाली जायचं, तळाशी पाणी भरायचं, परत वर यायचं. १८५३ साली रेल्वेमार्गाच्या पाहणीबरोबर आलेले भूगर्भशास्त्रज्ञ विल्यम ब्लेक यांनी या लोकांची आणि त्यांच्या पाण्याची नोंद केली. माणदेशात वाढलेल्या बाईला हे वाचून काय वाटलं असेल ते मराठी वाचकाला सांगायला नको. आमच्याकडे बारव दगडात बांधतात. इथे दगड नाही, नुसती सरकती वाळू, आणि तिच्यात पायऱ्या!

ब्लेक यांनी आणखी एक गोष्ट ऐकली. हे खोरं पूर्वी मोठं तळं होतं, मग ते आटलं, असं कवीया लोक त्यांना सांगत होते. ब्लेक यांना डोंगराच्या अंगावर जुन्या पाण्याची रेघ दिसलीच होती. ती आजही दिसते. सॉल्टन सी या खाऱ्या सरोवराकडे गाडीने जाताना सांता रोझाच्या पायथ्याशी काळ्या खडकावर फिकट पुटं चढलेली आहेत, तीच ती रेघ. त्या काठावर दगडांचे अर्धगोल मांडलेले सापडतात. ते मासे धरण्याचे सापळे. पाणी जसं खाली उतरलं तसे सापळेही खाली खाली मांडत गेले. ज्या तळ्याचं नाव आज शास्त्रज्ञ 'लेक कवीया' असं घेतात, त्याची आठवण या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या तोंडी सांभाळली होती. चौथीच्या भूगोलाला याहून चांगला धडा कुठला, महोदय? रेघ दाखवायला शाळेच्या बसमधून उतरावंही लागणार नाही.

दुसरी गोष्ट जेवणाची. डोंगरावर ओकची फळं. ती वाळवून, कुटून, पाण्याने पुन्हा पुन्हा धुऊन तुरटपणा काढायचा आणि मग त्याची 'विविश' नावाची लापशी शिजवायची. खाली वाळवंटात मेस्किटच्या शेंगा, लाकडाच्या खोल उखळात कुटून पीठ. ही मेस्किट आपल्या वेड्या बाभळीची जवळची बहीण. गावाकडे आम्ही तिला शिव्या देतो आणि सरपणाला तोडतो. इथे तिच्यावर वस्त्या जगल्या. हे सांगितल्यावर माझ्या सासूबाई फोनवर म्हणाल्या, "म्हणजे आपण उगाच शेळ्यांना घातली." मला वाटतं, कवीया आजीबाईंशी त्यांचं चांगलं जमलं असतं.

लग्नाची रीतही आम्हाला ओळखीची वाटली. सगळा समाज दोन बाजूंत वाटलेला : रानमांजराची एक, कोयोटीची (इकडचं लांडग्यासारखं लहान रानटी जनावर) दुसरी. आपल्या बाजूत लग्न करायचं नाही. आमच्याकडे एका देवकात सोयरीक होत नाही, तसंच. त्यांच्या सृष्टिकथेत मुकत आणि तेमायवेत हे दोन भाऊ जग घडवतात, आणि कोण थोरला यावरून भांडतात. पुढे माणसं मुकतवर रागावतात, तो मरतो, त्याचं दहन होतं, आणि कोयोटी चितेवरून त्याचं काळीज पळवते. जिथे त्याला जाळलं तिथून झाडं उगवतात : काळजातून तंबाखू, दातांतून मका. दहनानंतर माणसं निघतात आणि चहूकडे फिरतात. त्या प्रवासाची गाणी म्हणजे पक्षिगीतं, इकडे त्यांना बर्ड साँग्स म्हणतात. खुळखुळ्याच्या तालावर पुरुष गातात, बायका नाचतात, आणि पूर्वी हा जागर रात्रभर चाले. एका कार्यक्रमात आम्ही ती ऐकली. माझ्या शेजारी बसलेले आजोबा ओठ हलवत होते, आवाज काढत नव्हते. पंढरीच्या वाटेवर दिंडी जवळून जाताना माझे आजोबा असेच करायचे.

आता जे कठीण आहे ते. लहान मुलांना ते कितवीत सांगायचं हे आपले तज्ज्ञ ठरवतील, पण कधी तरी सांगा.

५ जानेवारी १८५२ रोजी टेमेक्युला इथे कवीया आणि शेजारच्या समाजांच्या प्रमुखांनी अमेरिकेशी तह केला. कॅलिफोर्नियात असे अठरा तह झाले. सिनेटने अठराच्या अठरा फेटाळले आणि कागद गुप्त ठेवण्याचा हुकूम केला. ते १९०५ साली उघडले. सह्या करणाऱ्यांना त्रेपन्न वर्षं ते कागद पाहायलाही मिळाले नाहीत. १८६२-६३ च्या देवीच्या साथीत वस्त्याच्या वस्त्या गेल्या, डोंगरातल्या कवीयांचे मोठे पुढारी हुआन अंतोनियो त्यातच गेले.

मग रेल्वे. खोरं एकेक चौरस मैलाच्या चौकटींत आखलं : विषम आकड्यांच्या चौकटी सदर्न पॅसिफिक रेल्वेला, सम आकड्यांतल्या बऱ्याच कवीयांच्या आग्वा कालिएंते गटाला. म्हणून आजही खोऱ्यातल्या पाम स्प्रिंग्ज शहराचा जमिनीचा नकाशा बुद्धिबळाच्या पटासारखा दिसतो. १९०५ मध्ये कोलोरॅडो नदी कालवा फोडून आत शिरली, सॉल्टन सी तयार झाला आणि टोरेस-मार्टिनेझ गटाची सुमारे अकरा हजार एकर जमीन पाण्याखाली गेली. भरपाईचा कायदा झाला २००० साली. धरणग्रस्त हा शब्द ज्या भाषेत रोजच्या वर्तमानपत्रात येतो त्या भाषेतली मी बाई, पण पंचाण्णव वर्षं मलाही जास्तच वाटली.

आणि पाम स्प्रिंग्जचं पालकत्व प्रकरण तर आमच्या आईवडिलांच्या काळातलं आहे. १९५९ मध्ये आग्वा कालिएंतेच्या जमिनी नव्याण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्याने देता येऊ लागल्या. शहराच्या मधोमधची, सोन्याच्या मोलाची जमीन. त्यासाठी झगडणारी समिती १९५४ पासून सगळी बायकांची होती, व्हायोला ऑर्टनर तिच्या अध्यक्षा. त्याच सुमारास न्यायालयाने धडधाकट कवीया माणसांवरही 'पालक' नेमायला सुरुवात केली, का तर यांना व्यवहार कळत नाही. पालकांनी आपापली फी त्यांच्याच मिळकतीतून घेतली. रिव्हरसाइडच्या 'प्रेस-एंटरप्राइझ' या दैनिकाने ते उघडकीला आणलं, त्याला पत्रकारितेचं १९६८ चं पुलित्झर पारितोषिक मिळालं, आणि त्याच वर्षी ती व्यवस्था मोडीत निघाली. ज्यांना आकडेमोड जमत नाही म्हटलं गेलं, त्याच समाजातल्या कॅबझॉन आणि मोरोंगो गटांनी १९८७ मध्ये कॅलिफोर्निया राज्याला जुगाराच्या खेळांवरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयात हरवलं. आज देशभरच्या आदिवासी कसिनोंमागे तो निकाल आहे. कसिनो मला आवडत नाहीत, पण खटला वाचण्यासारखा आहे.

भाषेचं मात्र अजून कुणी भरून दिलेलं नाही, आणि इथे आपलं खातं थेट येतं. बॅनिंगची धर्मसंस्थेची निवासी शाळा, रिव्हरसाइडची केंद्र सरकारची निवासी शाळा, अशा ठिकाणी मुलं गेली आणि घरची बोली जिभेवरून उतरवली गेली. त्या शाळा राज्याच्या नव्हत्या हे मला ठाऊक आहे. पण नंतरच्या पिढ्या राज्याच्याच शाळांत होत्या, आणि तिथेही ती बोली कुणी परत दिली नाही. कॅथरीन सिव्हा सॉबेल १९२० साली जन्मल्या. घरात फक्त कवीया बोलणारी आई. त्यांनी १९६४ मध्ये जेन पेन आणि इतरांबरोबर मोरोंगोला माल्की संग्रहालय सुरू केलं, झाडपाल्याचं ज्ञान लिहून ठेवलं, शब्दकोशाला हातभार लावला, आणि २०११ मध्ये गेल्या. या भाषेत अस्खलित बोलणारी शेवटची पिढी म्हणजे त्या आणि त्यांच्या बरोबरीची मोजकी माणसं. भाषेचं व्याकरण लिहिलं कलोनच्या हान्सयाकोब सायलर यांनी. जर्मनीतल्या विद्यापीठाला जे शिकण्याजोगं वाटलं, त्यातला एक शब्द माझ्या मुलीच्या दप्तरात नव्हता. पाण्याला 'पाल' म्हणतात, एवढं तरी?

दर रविवारी आम्ही मराठी शाळा भरवतो. कुणाच्या तरी दिवाणखान्यात, बाराखडीचे तक्ते लावून. मुलं कुरकुरतात, पण आमच्यामागे कोट्यवधी बोलणारे आहेत. मराठी इथे बुडाली तर साताऱ्याला कळणारही नाही. कवीयाला साताराच नाही. जे आहे ते याच खोऱ्यात आहे.

म्हणून मागणं असं. २०२२ मध्ये राज्याने आदिवासी शिक्षणाचा कायदा केला. शाळा-जिल्ह्यांनी जवळच्या समाजांबरोबर कृतिदल नेमावं यासाठी त्यात 'प्रोत्साहन' आहे. प्रोत्साहन हा शब्द सरकारी कागदात काय करतो हे दोन्ही देशांत राहून मी शिकले आहे. रिव्हरसाइड परगण्यातल्या कुठल्या शाळा-जिल्ह्याने ते नेमलं आणि कुठल्याने नाही, याची यादी आपण जाहीर करा, नावानिशी, दर वर्षी. आदिवासी भाषा शिकवणाऱ्यांना त्यांच्या समाजाच्या शिफारशीवरून शिक्षकाचा परवाना देण्याची सोय आपल्या राज्यात आहेच. त्या शिक्षकांना पगारी तास द्या, वर्षातून एकदा पिसं लावून बोलवू नका. आणि नवीन पुस्तक काढाल तेव्हा रूपर्ट कोस्टो यांची आठवण ठेवा. अँझाजवळचे हे कवीया गृहस्थ. त्यांनी आणि त्यांच्या पत्नी जेनेट यांनी १९६० च्या दशकात राज्याच्याच पाठ्यपुस्तकांवर बोट ठेवलं. त्यांच्या संस्थेने तीनशेहून अधिक पुस्तकं तपासली आणि १९७० मध्ये सांगितलं की विसंबावं असं त्यांत एकही नाही. रिव्हरसाइडच्या विद्यापीठात त्यांच्या नावाचं अध्यासन आहे. सॅक्रामेंटोहून फोन केला तर उचलतात.

लेक आता पाचवीत आहे. खोका गॅरेजमध्ये पडून होता. गेल्या महिन्यात तिने त्यावरचं मिशन खरवडून काढलं, परसातली वाळू भरली आणि उतरती विहीर करायला बसली. तिसऱ्या पायरीला कड ढासळते. ओली वाळू घेतली, कोरडी घेतली, काड्यांचा आधार दिला, ढासळतेच. वाळू कशी धरून ठेवायची हे तिने मला विचारलं, बाईंना विचारलं. आम्हा दोघींना माहीत नाही. ज्यांच्या पणज्या त्या विहिरींतून पाणी वर आणत, त्यांचं कार्यालय शाळेपासून गाडीने वीस मिनिटांवर आहे.

आपली,
चौथी पास झालेल्या मुलीची आई
कोचेला खोरं, कॅलिफोर्निया