बढती मिळाली, ओव्हरटाइम गेला

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या नोकरीविषयक सदरात ‘महिन्याचा पगार घेणाऱ्याला ओव्हरटाइम लागू नसतो’ असे एक वाक्य ओघात येऊन गेले. वेतन विभागात काम करताना हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकले. म्हणणाऱ्याच्या मनात बहुधा काही वाईट नसते, त्यालाही कोणीतरी तसेच सांगितलेले असते. पण ते चूक आहे, आणि म्हणून हे पत्र.

मी पगारपत्रके तयार करीत असे. एका वर्षी वरून यादी आली. काही जणांचे पदनाम बदलून ‘कनिष्ठ व्यवस्थापक’ करायचे होते. अभिनंदन झाले, पगार थोडा वाढला. दुसऱ्या दिवशी तीच माणसे त्याच टेबलांवर त्याच नोंदी करीत होती. हाताखाली कोणी नाही, कोणाची रजा मंजूर करण्याचा अधिकार नाही, कोणाला कामावर घ्यायचे याबाबत त्यांना विचारणारे कोणी नाही. त्या महिन्यापासून त्यांचा ओव्हरटाइमचा रकाना मात्र कोरा राहू लागला. तो मीच माझ्या हाताने कोरा ठेवत होतो, याची बोच अजून जात नाही.

पगार कोणत्या पद्धतीने मिळतो आणि माणूस काम कोणते करतो, हे दोन निराळे प्रश्न आहेत. १९१९ च्या आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेच्या पहिल्याच कराराने उद्योगांसाठी दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास ठरवले. त्यातून देखरेखीच्या वा व्यवस्थापनाच्या जागेवरचे आणि गोपनीय कामावरचे लोक वगळले. मासिक पगारदार म्हणून कोणाला वगळले नाही. अमेरिकेच्या १९३८ च्या कायद्यात आठवड्याच्या ४० तासांपुढे दीडपट मोबदला आहे. तिथे कोणाला अधिकारी ठरवून ओव्हरटाइम न देण्याची सूट घ्यायची तर ठरावीक पगार हवाच, शिवाय मुख्य काम व्यवस्थापनाचे हवे, हाताखाली किमान दोन माणसे हवीत आणि नेमणूक किंवा बडतर्फीच्या बाबतीत शब्दाला वजन हवे. नुसत्या पदनामावर सूट मिळत नाही, हे नियमातच लिहिले आहे. २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने वर्षाला दोन लाख डॉलरहून जास्त मिळवणाऱ्या एका पर्यवेक्षकालाही ओव्हरटाइमचा हक्कदार ठरवले, कारण त्याला रोजावर पैसे मिळत होते, खरा पगार नव्हता. जपानमध्ये तर ‘नावापुरते व्यवस्थापक’ असा शब्दच रूढ आहे. २००८ मध्ये टोकियोच्या न्यायालयाने एका मोठ्या उपाहारगृह साखळीच्या शाखाप्रमुखाला जादा कामाचे पैसे देण्याचा आदेश दिला.

भारतात मालकाशी वाद झाल्यास कायद्याचे संरक्षण मिळण्यासाठी कामगार कोणाला म्हणायचे, त्या व्याख्येत पगाराची मर्यादा येते ती देखरेखीच्या कामाला. कारकुनी, तांत्रिक किंवा अंगमेहनतीचे काम करणाऱ्याला अशी मर्यादाच नाही. ही साधी गोष्ट माझ्या कचेरीत कित्येकांना ठाऊक नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच सांगितले आहे की पदनाम पाहू नका, मुख्य काम काय ते पाहा. पगाराच्या मर्यादेचे आकडे मात्र वर्षानुवर्षे गोठलेले राहतात. देखरेखीच्या कामाची मर्यादा १,६०० रुपयांवरून १०,००० व्हायला २०१० उजाडले. अमेरिकेत सूट घेण्यासाठी लागणाऱ्या किमान पगाराचा, आठवड्याला ४५५ डॉलर हा २००४ चा आकडा २०२० पर्यंत तसाच होता. महागाई वाढते, पगार नावाला वाढतो आणि काम तेच असूनही माणूस संरक्षणाबाहेर जातो.

याहून मला लागते ती एक गोष्ट, जिच्याबद्दल कोणी लिहीत नाही. पदनाम बदलले की मस्टरवर वेळ लिहिणे बंद होते. ‘आता तुम्ही अधिकारी, तुम्हाला पंचिंग कशाला?’ हे मानाने सांगितले जाते आणि ऐकणाराही सुखावतो. पुढे वाद झाला की तास मोजलेलेच नसतात. अमेरिकेत १९४६ च्या एका निकालाने ठरवले की मालकाने नोंद ठेवली नसेल, तर कर्मचाऱ्याने वाजवी अंदाज मांडला तरी पुरे, तो खोडून काढणे मालकाकडे. तत्त्व चांगले आहे, पण त्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागते. ज्याला घरी दोन जिवांचे पोट भरायचे आहे तो ती चढत नाही.

म्हणून माझे म्हणणे एवढेच की कामाच्या तासांची नोंद सर्वांची ठेवावी, सूट असलेल्यांचीही. मोबदला द्यायचा की नाही हा पुढचा प्रश्न. ज्यांना नवे पदनाम मिळाले आहे त्यांनी नेमणूकपत्राबरोबर आपण दिवसभर खरोखर काय करतो हे एका वहीत लिहून ठेवावे: आल्याची वेळ, गेल्याची वेळ, कोणाला काय काम सांगितले, कोणत्या कागदावर सही करण्याचा अधिकार आपला. काहीच सांगितले नसेल, सहीचा अधिकार नसेल, तर तेही लिहावे. मी ज्यांची पत्रके केली, त्यांतल्या एकाकडे अशी वही होती. बाकीच्यांकडे नव्हती.

आपल्या सदरातले ते वाक्य पुढच्या अंकात दुरुस्त करून छापावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
वेतन विभागातील एक निवृत्त कर्मचारी